वाजवी वापर

नियमावली मीच लिहिली,
म्हणजे उतरवून काढली, तीन कंपन्यांच्या साइटींवरून, एका रविवारी.
त्यातच कलम सहा:
दुसऱ्याचा मजकूर विनापरवानगी वापरू नये.
खाली नमकीनवाल्याची कढई चढलेली,
वर आमचे दोन रॅक, दोन एसी,
आणि एका छताखाली सहाशे बारा गिऱ्हाइकं,
एकमेकांना न ओळखणारी:
लग्नाचे हॉल, कोचिंग क्लास, बॅटरीवाले,
छावणीतला एक कबूतरबाज.

'मी नियम वाचले, मला मान्य आहेत'
या चौकटीवर माणसं टिचकी मारतात
रस्त्यावरच्या देवळाची घंटा जाता जाता वाजवावी तशी.
आत कोण बसलंय, बघत नाहीत.

मार्चमध्ये, रात्री दोन चाळीसला,
खाते क्रमांक तीनशे सात पत्रं पाठवायला लागलं.
प्रिय ग्राहक, आपले बँक खाते आज बंद होत आहे.
अकरा हजार पत्रं. एकाच पत्त्यावरून.
आणि त्या पत्त्यावर आमचे आणखी चाळीस जण राहतात,
त्यांचीही टपालं पहाटेपासून परत येऊ लागली.

खातं झोकरकर सरांचं.
वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त, मुक्काम रामबाग.
साइटवर नुसती झाडं. गल्ली, घेर, शेरा.
'चिंच. यशवंत रोड. नऊ फूट. २०११ पर्यंत होती.'
पासवर्ड: कडुनिंब, पुढे एक दोन तीन.
त्या नसलेल्या चिंचेखाली
कोणीतरी खोटी बँक उघडून बसलं होतं.

मी कलम नऊ लावलं. खातं बंद.
चारशे अठ्ठावन्न झाडं एका कळीसरशी गेली.

सकाळी सर तीन जिने चढून आले, लिफ्ट बंद होती.
हातात नियमावली, सतराच्या सतरा पानं छापलेली,
समासात हिरवी पेन्सिल.
भांडले असते तर सोपं गेलं असतं.
म्हणाले, 'निलंबित'चा लि ऱ्हस्व हवा.
म्हणाले, कलम बावीस, वाद झाल्यास डब्लिनचं न्यायालय?
मला स्वेटर विणून घ्यावा लागेल.
कलम नऊ मात्र बरोबर आहे.
कुंपण माझं, तर भगदाडही माझंच.

मग चष्मा काढून:
पण हे चौदा. 'अमर्याद जागा, वाजवी वापराच्या अधीन.'
वाजवी म्हणजे किती?

ते आम्ही ठरवतो, मी म्हणालो.
आणि माझाच आवाज मला
एखाद्या बँकेच्या खिडकीतून आल्यासारखा ऐकू आला.

त्या रात्री सराफ्यात गेलो, भुट्ट्याच्या किसासाठी.
उशीर झाला होता, तवा उतरला होता.
हुकुमचंद ओटा घासत होता,
गरम पाणी, सोडा, नारळाची शेंडी,
दिवसा ज्याच्यावर सोनं तोललं जातं तो ओटा.
विचारलं, सेठशी काही लिखापढी?
तो हिंदीत बोलला, मला मराठीत ऐकू आलं:
कसला कागद, भिया.
सकाळी सेठ शटर उघडेल
तेव्हा त्याच्या पायाला तूप लागता कामा नये. बस.

कलम चौदा चार वेळा खोडलं.
'तूप' वकील पास करत नाही.
सध्या तिथे लिहिलंय: शेजाऱ्याला त्रास होईल इतका नाही.
तेही विचाराधीन आहे. डब्लिन मात्र काढलं.

खोटी बँक उपटली, भोकं बुजवली,
बॅकअपमधून झाडं परत लावली रात्रभर.
मोजली. चारशे छपन्न.
सरांना फोन केला, दोन कमी भरतायत.
'कुठली?'
दोन्ही पलासियाची.
पलीकडे चपला शोधल्याचा आवाज.
'मग लगेच लावू नका,' म्हणाले,
'जागेवर आहेत का, बघून येतो.'