खालची थंडी

जानेवारी. पालच्या वर, सुकी नदीच्या अंगाला
अंजनाच्या दोन खोडांमध्ये माझी झोळी,
निळी, नायलॉनची, कुरियरने आलेली, घडी केली की मुठीत मावणारी.
अस्वलाची ये-जा आहे, जमिनीवर नको, असं ठरलेलं.

अंगावर दोन ब्लँकेटं, पाठीखाली गोधडी,
कानटोपी, मोज्यांवर मोजे,
आणि तरी अडीच वाजता
मला माझे मणके मोजता येत होते.
पोटावर घाम. पाठीला विहीर.
खाली केवढं तरी उघडं रान
आणि माझ्या-त्याच्यामध्ये पतंगाएवढं कापड.

रुमाल्या पावरा शेकोटीपाशी बिडी उलटी धरून बसलेला.
"दात वाजू राहिले तुमचे," तो म्हणाला,
"अस्वल काय येतंय मग मोजायला."
उठला. "गोधडी काढा पाठीखालची."
म्हटलं, अरे तीच तर आहे ऊब धरून.
"ती मेली. तुम्ही बसले तिच्यावर."

मग चार कोपऱ्यांना सुतळी बांधून
त्याने ती झोळीच्या बाहेरून, खालून टांगली,
आत सागाची वाळकी पानं लोटली दोन टोपल्या,
सुतळी ओढली, सोडली, परत ओढली.
"टेकली पाहिजे. दबली नाही पाहिजे.
पोरगं झोळीत टाकतो तेव्हा अशीच करतो आम्ही."

टेकली पाहिजे, दबली नाही पाहिजे.
हे मी ऐकलं होतं. फैजपुरात,
नाकातोंडात कापूस गेलेल्या माणसाकडून.

अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली,
तातीवर मुठा पडला की तांय, तांय,
दगड झालेली गादी ढगासारखी वर यायची.
बायका म्हणायच्या, कापूस तर आमचाच, पैसे कशाचे घेता?
ते म्हणायचे, हवेचे.
कापूस नुसता धरून ठेवतो, बाई, ऊब हवेची असते.
शाळेत मला चिडवायचे, हवा विकणाऱ्याचा पोरगा.
पुढे फोमच्या गाद्या आल्या. पिंजण माळ्यावर गेलं.

जळगावच्या सिव्हिलला, खाट नंबर एकोणीस,
रेक्झिनची गादी, मधोमध चेपलेली.
"पाठीला गार लागतंय रे," अब्बा म्हणाले.
मी वरून चादर टाकली.
"पाठीला," ते म्हणाले.
मी आणखी एक टाकली.
नर्सकडून मागून तिसरी.

पानं कुरकुरतात मी कूस बदलली की.
पाठ हळूहळू परत माझी होत चाललीय.
रुमाल्याने विचारलं, आता?
म्हटलं, लागतंय गरम.
तो शेकोटीकडे गेला. मी तोंडावरून ब्लँकेट ओढून घेतलं,
थंडी काही नव्हती तोंडाला.

पहाटे पाणवठ्यावर अस्वल आलं होतं म्हणे, पिल्लाला पाठीवर घेऊन.
नोंद रुमाल्याने केली.