बोलून टायपिंग

सावळजच्या शेडवर
हात चिकट, म्हणून शालनवहिनी
फोनला तोंडानंच सांगतात :
बेदाणा तयार आहे.
फोन लिहितो : वेदना तयार आहे.

पुन्हा. सावकाश.
बे-दा-णा.
वेदना.

"मेल्या, कान धुऊन ये!"
तेही त्यानं टिपून घेतलं,
फक्त मेल्याचा मेल केला.

उन्हं कलली. रॅकवरची जाळी अजून झाडायची होती.
धाडलं तसंच तासगावला, भूपाल अण्णांना :
यंदा वेदना हिरवा, लांब, एकसारखा.
चार टन. डाग नाही.

दोन निळ्या खुणा.
टायपिंग... थांबलं... टायपिंग...
"नमुना पाठवा."

वहिनी पदरात तोंड घालून हसल्या. मग
मूठभर दाणे तळहातावर घेऊन फोटो काढला.
फोकस काही केल्या दाण्यांवर बसेना,
सारखा भेगांवर जायचा.

तसाच धाडला.