निघेल

जूनमध्ये अंत्सिराबेत पहाटेचं पाणी बोटांना चावतं.
आई तेव्हा तळ्याकाठी असते,
हॉटेलच्या चादरी, परक्यांच्या झोपा
दगडावर आपटत.
मी चुलीपाशी फोन चार्जिंगला लावून
तिचंच ज्ञान फ्रेंचमध्ये लिहिते:
रेड वाइनचा डाग ताजा असेल तर मीठ,
शिळा असेल तर कोमट दूध आणि धीर.
वाइन आम्ही दोघींनीही चाखलेली नाही.
तिची आमची ओळख टेबलक्लॉथवरची.

लियोंमध्ये कुणी बाई रात्री दोनला शोधते:
कॉलरवरची लिपस्टिक.
ती वाचते. शेजारी साबणाची जाहिरात हलते,
आणि त्या साबणाचा एक कण
माझ्या नावावर जमा होतो.
सेंट. म्हणजे डॉलरचा चुरा.

चौदा महिने चुरा साठत राहिला.
शंभराचा उंबरठा ओलांडल्याशिवाय
पैसा बाहेर पडत नाही तिथे,
तालेवार घरच्या सुनेसारखा.
मग एका रविवारी
एकशे तीन डॉलर अडुसष्ट सेंट.
मी ‘काढा’ दाबलं.

ओळखपत्रावर आहे तसंच नाव लिहा.
वुआहांगीनिरिना राझाफिमाहात्रात्रा.
रोमनमध्ये तीस अक्षरं, मधली मोकळी जागा एकतिसावी.
चौकट पंचविसांची.
शेवटची सहा तिनं दारातच कापली,
आणि वर म्हणाली, नाव जुळत नाही.
कापलं ते ‘त्रात्रा’.
आमच्या भाषेत त्रात्रा म्हणजे छाती.

मी कळवलं. उत्तर आलं:
तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.
अकरा वेळा समजू शकले.
बाराव्या वेळी विजेचं बिल मागितलं.
वीज आमच्याकडे रानाइवोंच्या मीटरवरून येते,
भिंतीला पाडलेल्या भोकातून,
आणि बिल म्हणजे महिन्याला तीन ब्लँकेटं धुऊन देणं.
त्याचा फोटो कसा काढायचा?

आईचं नाव रासुआ. एवढंच. पाच अक्षरं.
तिच्या वेळी घरात नवव्या मुलाला
लांब नाव द्यायला कुणाला फुरसत नव्हती.
तेव्हा सगळं तिच्या नावावर केलं.
तसं ते होतंच.

अंगठा ठेवा.
ठेवला.
पुन्हा ठेवा. पुसून ठेवा.
आता काय पुसायचं?
तीस वर्षं सोडा आणि राख,
रेषा केव्हाच कुणाकुणाच्या उशांच्या अभ्य्रांतून
तळ्याच्या तळाशी गेल्या.
बरं, चेहरा दाखवा. डोळे मिचकवा.
आईनं फोन उलटा ठेवला.
‘याला काही आयाबहिणी आहेत की नाहीत?’
मग बाहेर डोकावून, कुणी नाही बघून,
मिचकावले.

पैसे निघाले.
वाटेत पहिल्यानं पाठवण्याचे कापले,
दुसऱ्यानं बदलण्याचे,
तिसऱ्यानं कशाचे ते सांगितलं नाही.
बाजाराच्या कोपऱ्यावर पिवळ्या छत्रीखाली
हेरिझूनं थुंकी लावून दोनदा मोजले:
चार लाख एकवीस हजार आरियारी.
मी मनात शाळेची फी, छपराचा पत्रा,
फोनची फुटलेली काच, असं मांडत होते.

आईनं वरचीच नोट काढून उन्हात धरली.
हुंगली.
‘तळणीचं तेल,’ म्हणाली. ‘फार जुनं नाही.’
आणि ज्याला कुठलंही यंत्र ओळखत नाही
त्या गुळगुळीत अंगठ्यानं
हळूहळू चोळू लागली.

‘मावशी, बदलून देऊ का?’ हेरिझू म्हणाला.
‘कशाला? निघेल.’

मागे रांग वाढत चालली होती.