सांधणी

सहाशे बारा पानांची कादंबरी
कुणीतरी झेरॉक्सला टाकून गेलं, न्यायला आलंच नाही.
पन्नास रुपये आगाऊ. फोन लागत नाही.
कचेरीसमोरचं माझं दुकान, मे महिना,
दुपारी दोन ते चार सिव्हिल लाइन्समध्ये कुत्रंही सावली सोडत नाही.
कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं
आणि वाचायला बसले.

चाळिसाव्या पानावर अडले.
'रखमाजी अजून पांजणीतच होता,
धोट्यापर्यंत यायला त्याला जन्म लागला असता.'
वाक्य आवडलं. कळलं नाही.
आवडलं आधी, हे इथे कबूल करते.

बिघडलेल्या प्रतींच्या पाठीवर शब्द उतरवत गेले.
कांडी. सांधणी. खळ.
फणी मला माहीत होती,
पण त्या पानावरची फणी केस विंचरत नव्हती.
वाचनालयातला जाड कोश उघडला:
पांजणी – पांजण्याची क्रिया.
पांजणे – पांजणी करणे.
दोन शेजारणी एकमेकींच्या घरी बसलेल्या,
दोघींच्या दारांना कुलूप.

मग नंदनवार आजोबा आले,
गोळीबार चौकातून, सायकलवर, डोक्याला ओला दुपट्टा.
पडताळणी समितीची फाइल, दोनशे चौदा पानं, तीन प्रती.
मशीन तापेपर्यंत माझ्या कागदाकडे पाहत राहिले.
"काय लिवून रायली वो पोट्टी?
हे तं आमच्या घरचे शब्द हायेत."

"पांजणी म्हंजे पाह्य," म्हणाले,
आणि काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
हवेत काहीतरी ताणलं.
"पहाटे, ऊन व्हायच्या आंधी, अख्खी गल्ली भरून ताणा.
एकीकडून बाप, एकीकडून मी. मधात कुंचा.
खळ लावाची, वाळू द्याची. सूत कडक झालं पाह्यजे,
नाई तं मागावर पह्यल्याच दिवशी तुटते."
रिकाम्या हातांनी ते कुंचा फिरवत पुढे सरकले.
मी नकळत स्टेपलर बाजूला घेतला,
त्यांच्या सुताला लागू नये म्हणून.

रखमाजी म्हणजे अजून कडक न झालेला माणूस.
हे कुठल्या कोशात सापडलं असतं?

"आता तू मले एक सांग."
त्यांनी फाइलचं एकशे अठ्ठ्याऐंशीवं पान काढलं.
खालून निळ्या पेनानं रेघ ओढलेली.
"आप्तभाव चाचणी. वकिलाले इचारलं तं म्हणे, महत्त्वाची हाये.
महत्त्वाची हाये हे मलेई दिसते."

मी पान दोनदा वाचलं.
"म्हणजे… तुम्ही तुमच्या माणसांसारखे आहात का, ते तपासतात.
चालीरीती, देव, बोली, लग्नातले विधी."
ते बराच वेळ गप्प.
"अन् थे कोनाले इचारतेत?
माह्या माणसांले का?"

मशीननं कागद अडकवला.
झाकण उघडून चुरगळलेलं पान सोडवताना
बरं वाटलं, हाताला काम होतं म्हणून.

जाताना पैसे देऊन थबकले.
"सांधणी राह्यली तुही."
जुना ताणा संपला की तो पुरता काढत नाहीत म्हणे.
शेपूट मागावरच ठेवतात,
आणि नव्याचं एकेक टोक, शेकड्यांनी टोकं,
बोटांना राख लावून, जुन्याला वळवतात.
गाठ नाही मारायची. गाठ फणीत अडते.

मी अजून त्या कादंबरीत आहे, तीनशे पाचव्या पानावर.
काही शब्द तसेच सोडलेत, कुणी सायकलवर येईल म्हणून.
'आप्तभाव' मात्र रोज त्या यादीत बघते,
माझ्याच अक्षरात, सांधणीच्या खाली लिहिलेला.
अर्थ सांगितला होता मी.
कळलाय असं अजून म्हणवत नाही.