लाकडं फोडण्याचा आवाज

वेर्नाने कॅथलिक व्हायचं ठरवलं
त्या आठवड्यात विहिरीचा पंप गोठला होता.
मी खड्ड्यात उतरून पाइपाला गरम चिंध्या गुंडाळत होतो
आणि ती वरून म्हणाली, ठरलं माझं.
मी म्हटलं, आधी कंदील धर.

सगळ्यात जवळचं चर्च दोनशे दहा किलोमीटरवर,
तेही नदी नीट गोठलेली असेल तर.
नदी धड पाणी नाही, धड बर्फ नाही,
अशा दिवसांत आम्ही अंतर मोजत नाही.

शिकवायला आली फिलोमेन कार्डिनल,
अकरा किलोमीटरवरची आमची शेजारीण,
सत्तरीतही स्वतःचे सापळे स्वतः लावणारी.
रोममध्ये कार्डिनल पुष्कळ असतील, ती म्हणे,
मूस सोलता येणारी मी एकटीच.
तिच्या जपमाळेचे सात मणी हरवलेले,
तिथे चामड्याच्या गाठी.
वेर्नाची बोटं आधी गाठीच शिकली.

शुक्रवारी मांस नाही.
आमच्या फ्रीझरमध्ये मूस, त्याखाली मूस,
तळाशी गेल्या वर्षीचा मूस.
फिलोमेनने तोडगा काढला:
बीव्हर पाण्यात राहतो, म्हणजे मासाच.
तिच्या पणजीला खुद्द पाद्र्याने सांगितलेलं.
वेर्ना हसली नाही. तिने बटाटे उकडले.
बीव्हर मी खाल्ला, दोघांच्या वाटचा.

ईस्टरच्या आदल्या रात्री व्हायचं होतं सगळं.
त्याच सकाळी नदी फुटली.
पलीकडच्या काठावर फादर ओन्येमा,
अंगात दोन पार्का, एकावर एक,
नायजेरियातून येऊन चार वर्षं झाली तरी
ऊब न सापडलेला माणूस.
त्याने हात हलवला. हिने हलवला.
मधून घराएवढे बर्फाचे तुकडे
एकमेकांवर चढत, कडकडत निघाले होते.
तो काहीतरी ओरडला. आशीर्वाद असेल,
किंवा पुढची तारीख.
घरी येऊन तिने पांढरा ब्लाऊज
घडी करून ओट्सच्या डब्यावर ठेवला
आणि शेळ्यांना पाणी पाजायला गेली.

तो जूनमध्ये आला, होडीतून, डासांबरोबर.
बाप्तिस्मा तिचा लहानपणीच झालेला, लूथरनांच्यात;
राहिली होती पापांची कबुली आणि तेल.

आमच्या घराला खोली एकच.
मी बाहेर आलो, पण खिडकी उघडी होती
आणि वारा माझ्याकडेच येत होता.
काय काय असेल त्यात?
शेळी विकल्याचे पैसे लपवले होते, ते?
की तो हिवाळा,
ज्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही,
कोठारामागचा तो लहानसा उंचवटा?
माझं नाव आलं असं वाटलं.
मी कुऱ्हाड उचलली.

आधी बर्च फोडला. मग स्प्रूस.
मग फोडलेलंच पुन्हा.
इतका वेळ? इतका साठा?
ओंडके संपून ढलप्या झाल्या, ढलप्यांच्या काड्या,
आणि तरी आत ती बोलतच होती
सावकाश, पीठ चाळल्यासारखी.

मग मला आत बोलावलं.
कपाळावर तेल लावलं तर त्यात एक डास चिकटला.
वेर्ना हलली नाही.
शेवटी फादरनेच नखाने तो अलगद काढला
आणि पुढचा शब्द उच्चारला.

आता रविवारी ती चांगला कोट घालून
खिडकीपाशी वाचते, मोठ्याने,
शेळी व्यायली नसेल तर.
मी मानतो असं नाही.
फिलोमेन विचारते, आर्ने, तुझं कधी?
मी म्हणतो, छप्पर गळतंय.

पण वाचनात एक जागा येते,
जिथे शेजाऱ्याला शांती द्यायची असते.
या रविवारी सकाळीच आमचं वाजलं होतं,
जनरेटरमधलं डिझेल कुणी संपवलं यावरून.
मी धार काढून नुकताच आत आलेलो.
ती वाचता वाचता थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
दुसरं होतं कोण?
तिने हात पुढे केला,
राग चेहऱ्यावर तसाच.

मी माझा हात पँटला पुसला.