खाली

शिवलीलानं माझ्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलं होतं.
शाळा क्रमांक चौदा, मार्कंडेय नदीच्या काठची,
इयत्ता पाचवी, मराठी माध्यम,
अकरा नावं, आणि प्रत्येक नावासमोर
कन्नड वळणाच्या गोल अक्षरात
एकच शब्द: खाली.

मी वाचलं, खाली.
म्हणजे रेषेच्या खाली, पातळीच्या खाली.
टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीत
वीज जायच्या आत उरकायचं म्हणून
अकरा वेळा शून्याची कळ दाबली.

मॉडेल रात्रभर चाललं.
मुलं शाळेच्या पोटात, शाळा तालुक्याच्या पोटात,
आणि चूक थराथरांत वाटून दिलेली,
भाऊभाऊ शेत वाटून घेतात तशी,
बांधासकट.
सकाळी चौदा नंबरची शाळा
आलेखाच्या तळाशी एकटीच ठिपका होऊन बसलेली,
आणि माध्यमासमोरच्या उणे आकड्याशेजारी
दोन चांदण्या उगवलेल्या.

चांदण्या बघून मी चहा केला.
खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.
मग भीती वाटली.
या भागात माध्यमासमोरचा आकडा आकडा राहत नाही,
त्याची पाटी होते,
आणि पाटीला रात्री कुणीतरी डांबर फासतं.

शिवलीला हुक्केरीच्या बसनं आली.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
"हे शून्य कुठलं, अक्का?
खाली म्हणजे रिकामं की.
पोरं नव्हतीच. पौर्णिमा होती,
सौंदत्तीला गेलती यल्लम्माच्या जत्रंला, ट्रॅक्टरनं.
कोऱ्या कागदावर मी काय लिहू?"

त्या दुपारी काम झालं नाही.
आम्ही शब्द तपासत बसलो,
एकेका शब्दाला नखानं खरवडत.
मी फोनवर म्हटलं होतं, नववा प्रश्न अवघड आहे,
तर क्षणभर तिच्या पोटात गोळा आलेला:
तिच्याकडं अवघड म्हणजे अपघात.
मी ज्याला अनुमान म्हणते, आकड्यांतून काढलेलं, शिक्का मारण्याजोगं,
तिच्या घरी त्याच शब्दाचा अर्थ संशय.
सरासरी तेवढी दोघींची एकच निघाली.
कुणाचीही नसलेली गोष्ट
बहुतेक अशीच एक निघते.

सोमवारी पुन्हा गेलो.
आवार एक, शाळा दोन, मध्ये छातीएवढी भिंत,
नळ कन्नड बाजूला, चिंचेची सावली मराठी बाजूला.
दहा पोरं वाचून गेली,
कुणी मिनिटाला नव्वद शब्द, कुणी एकतीस,
एकीनं "क्ष" आला की दर वेळी थुंकी गिळली.
शून्य कुणालाच नव्हतं.
चांदण्या मावळल्या.

अकरावा भरमाणी.
त्याच्या अर्जावर घरची भाषा विचारलेली,
चौकोनात एकच आकडा मावतो.
गुरुजी म्हणाले, आईशी मराठी बोलतो, अप्पाशी कन्नड,
म्हशीला शिव्या दोन्ही.
जत्रेहून तो परतलाच नाही.
मामाकडं राहिला,
तिथल्या कन्नड शाळेत नाव घातलंय म्हणे.

मॉडेल म्हणालं, मी भरून देतो,
त्याच्यासारख्या इतर मुलांवरून.
त्याच्यासारख्या म्हणजे कुणासारख्या,
हे विचारायला तिथं जागा नव्हती.

अहवालाचं शेवटचं प्रकरण दोन्ही भाषांत द्यायचं होतं.
मी "निष्कर्ष" खोडून "अनुमान" लिहिलं,
तिनं तेच तिच्या लिपीत.
ज्यानं त्यानं आपापलं वाचावं.

कार्यालयातून पत्र आलंय,
ओळ दोनशे सहा अपूर्ण आहे, तातडीनं पूर्ण करा.
मी ती ओळ पुन्हा उघडली.
भरमाणीच्या नावापुढं बराच वेळ टिकटिक करत राहिली
ती उभी, बारीक, काळी रेघ.
मग तिथं शिवलीलाचाच शब्द टाकला,
तिच्याच अर्थानं.