सोमवारी परत

शुक्रवारी शटर ओढता ओढता वाकाना आली,
बुटांवरचा बर्फ माझ्या पुसलेल्या फरशीवर झाडला
आणि म्हणाली, तिन्ही द्या.
पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी.
घेणार एकच. पण आधी घरी लावून बघते.

हाकोदातेत भाड्याने लेन्स नेणारे मोजकेच.
वहीत नंबर उतरवले, सवयीने विचारलं,
फोटो कशाचे?
बाबांचे, ती म्हणाली.
तेही त्यांना कळू न देता.

मग मी माझं शहाणपण पाजळलं.
पंच्याऐंशी लांबून बघते;
पापणीचा केस न् केस मोजून देईल,
मागचं सगळं सायीसारखं दाटेल.
पस्तीसला लगट लागते. दूर राहिलीस
तर माणूस भांड्याकुंड्यांत हरवतो,
फार भिडलीस तर नाकच नाक.
पन्नास स्वस्त, जुन्या घडणीची,
फोकस धरताना कुरकुरते.
ती कशाला नेतेस, असंही बोलून गेलो.
आणि लक्षात ठेव, यांतली एकही
जागेवरून जवळ-लांब होत नाही.
मागेपुढे सरायचं ते आपल्या पायांनी.

सोमवारी मी एकेक दिव्याखाली धरली.

पंच्याऐंशी नेली तशीच, बोटाचा ठसाही नाही.
आमच्या घरात तेवढी लांबीच नाही, ती म्हणाली,
पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत
एक कान आणि अर्धी टोपी.
शेवटी जिन्यावरून काढला एक.
देखणा आला.
कुणा दुसऱ्याच्या वडिलांचा वाटला.

पस्तीसच्या हुडला आतून
माशाचा खवला चिकटलेला.
मी तो नखाने काढला, ती ओशाळली.
इतकी जवळ गेले की त्यांनी सुरी ठेवली
आणि दुसरा मासा माझ्या हातात दिला.
मग फोटो कोण काढणार?

राहिली पन्नास.

इसाओ म्हणजे तिचे वडील, चाळीस वर्षं
स्क्विडच्या होड्यांवरच्या मोटरी उघडत आले.
आता होड्या बोटांवर मोजाव्यात,
कान मात्र अजून धक्क्यावरच आहेत.
ते रेडिओ खोलून बसलेले, पाठमोरे.
तिने शटरचा आवाज बंद केलेला, श्वाससुद्धा.
कुर्र.
स्क्रू फिरवणारा हात थांबला.
मान न वळवता म्हणाले,
आत कोरडं पडलंय. तेल मागतंय.

त्यानंतर दोन दिवस तेच.
कुर्र झालं की टोपी सारखी करायची,
पाठ ताठ, हनुवटी वर,
आणि आवाज विरला की
झालं?

तिने मला अकरा फोटो दाखवले.
कोपरे मऊ, खिडकीपाशी जांभळी कड,
दोनांत फोकस डोळ्याऐवजी कॉलरवर.
अकराही फोटोंत ते
तिचं होण्याची वाट बघत बसलेत.

मी कपाटातून नवी पन्नास काढली,
मोटर अगदी मुकी, कोपरे धारदार,
थोडी महाग, पण हप्त्यांनी देईन म्हणालो.
तिने ती हातात घेतली, कानाशी नेली,
ठेवली.
हीच द्या, भाड्याची.

वहीत त्या नंबरावर काट मारली,
पुढे लिहिलं: विकली, आवाजासह.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा आठवलं.
अगं, तेल घालू देऊ नकोस हं त्यांना,
पाकळ्यांवर चढलं की लेन्स संपली!

ते तुम्ही येऊन सांगा, ती म्हणाली,
डबी शोधून ठेवली आहे त्यांनी.